शेती वाढली की कार्बन वाढतोच का? विदर्भातल्या तीन वावरांचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "मी दारव्ह्याजवळच्या गावचा, कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेतीची वाढ झाली की कार्बन उत्सर्जन वाढते आणि अपारंपरिक ऊर्जेचा वाटा वाढला की ते घटते, असे एका शोधनिबंधात वाचले. आमची सात एकर कपाशी, सोयाबीन, तूर आहे, विहीर आहे. वरुडला मामांची संत्र्याची बाग आहे आणि साकोलीला मावशीचे धान. या तिन्ही ठिकाणी ते विधान खरे ठरते का? आणि आम्ही सौर पंपाचे पैसे भरावेत का?"

आधी सरळ उत्तर. तुमच्या घरच्या वावरात हे विधान जेमतेम लागू पडते. मामांच्या बागेत बऱ्यापैकी लागू पडते, पण अर्धवट. मावशीच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, ते मुख्य गोष्टीला हातच लावत नाही. सौर पंप जरूर घ्या, पण त्याने शेतीचा कार्बन मिटला असे धरून चालू नका. मी विदर्भात कृषीपंप, पाणलोट आणि गावपातळीवरच्या ऊर्जेच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत. जे सांगतो आहे ते त्या कामातून आणि कागदावर मांडता येणाऱ्या हिशेबातून आलेले आहे. हिशेब तुम्हीही करून बघा, कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.

त्या शोधनिबंधांबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. असे अभ्यास बहुधा देशाचे वार्षिक आकडे घेतात. शेतीची वाढ म्हणजे शेतीतले मूल्यवर्धन, उत्सर्जन म्हणजे बहुतेक वेळा इंधन जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड, आणि ऊर्जेतला अपारंपरिक वाटा. मग या रेषा एकमेकींबरोबर कशा हलतात ते संख्याशास्त्राने बघतात. पद्धत चुकीची नाही. पण शेतातून निघणारे दोन मोठे वायू, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड, अशा मापात बहुधा नसतातच. आणि अपारंपरिक ऊर्जेच्या जागतिक आकडेवारीत चुलीतले लाकूडही धरलेले असते. म्हणजे आई चुलीत पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) जाळत होती तेव्हा घर "अपारंपरिक" होते. 2016 नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर आले आणि आकड्यात तो वाटा घटला. आईच्या डोळ्यांतला धूर कमी झाला ही चांगलीच गोष्ट, पण आकडा उलटा बोलतो. एका देशात शेतीवाढीने उत्सर्जन वाढले आणि दुसऱ्यात घटले, असे परस्परविरोधी निष्कर्ष निघतात त्यामागे मोजण्याचे हे प्रश्न बरेच आहेत.

आपल्या देशाचा हिशेब कसा मांडतात तेही बघा. भारताने 2024 च्या शेवटी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालात 2020 सालच्या उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा 75.66 टक्के आणि शेती-पशुपालनाचा 13.72 टक्के आहे. या 13.72 मध्ये तुमच्या मोटरची वीज नाही. ती ऊर्जेच्या खात्यात जाते. ट्रॅक्टरचे डिझेल तिकडेच. युरिया कारखान्यात तयार होताना जळणारा वायूही शेतीच्या खात्यात येत नाही. शेतीच्या खात्यात येतात गुरांच्या पोटातला मिथेन, धानाच्या बांधीतला मिथेन, खतापासून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि वावरात जाळलेला काडीकचरा. त्यामुळे सौर पंपाने जी बचत होते ती "शेतीच्या" उत्सर्जनात कधी दिसणारच नाही. विद्यार्थी म्हणून हे आत्ताच डोक्यात पक्के करून घ्या, पुढे घोळ होणार नाही.

आता मोटर. आपल्याकडे विजेच्या मोटरला धूर नाही असे वाटते, कारण धूर चंद्रपूरला निघतो. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचे. शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा. विदर्भाचा कोळसा, विदर्भाचे पाणी, वीज राज्यभर आणि राख इथे. आणि याच विदर्भात कोटेशन भरून शेतकरी पंपाच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबला. हा अन्याय मला आजही टोचतो आणि सौर ऊर्जेकडे बघताना तो बाजूला ठेवता येत नाही.

देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पाच एचपीची मोटर तासाला साडेचार युनिटांच्या आसपास खाते, म्हणजे तीन किलोच्या वर. तेवढ्याच ताकदीचे डिझेल इंजिन तासाला एक-सव्वा लिटर पिते आणि एका लिटरमागे सुमारे 2.7 किलो सोडते. म्हणजे तेही तीन किलोच्या आसपास. इंजिन काढून लाइटची मोटर बसवली तर खिशाला मोठा आराम मिळतो, हवेला जवळपास काहीच नाही. सूर्यावर चालणारी मोटर आली की मात्र तो आकडा शून्याजवळ येतो. इथपर्यंत शोधनिबंध बरोबर आहे.

पण पंप किती चालतो आणि किती खोलीवरून पाणी ओढतो यावर सगळे ठरते. दहा लाख लिटर पाणी एक मीटर उचलायला किमान 2.7 युनिट लागतात. पंप, मोटर, पाइप मिळून कार्यक्षमता 40 टक्के धरली तर सात युनिट. (वाइंडिंग दोन-तीनदा केलेली मोटर आणि गंजलेला फूटव्हॉल्व्ह असेल तर 30 टक्केही मिळत नाही.) दहा लाख लिटर म्हणजे एका एकरावर साधारण दहा इंच पाणी, हरभऱ्याला, गव्हाला, कपाशीच्या एक-दोन ओलितांना याच मापाने विचार करता येतो. तुमच्या विहिरीत पाणी दहा मीटरवर असेल तर दहा इंचांना 70 युनिट, म्हणजे 50 किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसते कार्बन म्हणतो). मामांच्या बोअरमध्ये पाणी शंभर मीटरवरून, सव्वातीनशे फुटांवरून येत असेल तर तेच दहा इंच 700 युनिट आणि 490 किलो. पाणी तेवढेच, कार्बन दहापट.

आता याच्या शेजारी युरियाची 45 किलोची बॅग ठेवा. तिच्यात 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. आंतरराष्ट्रीय हिशेबात टाकलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जातो असे धरतात. तो वायू 0.3 किलोच निघतो, पण तापमान वाढवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट आहे. म्हणजे जवळपास 90 किलोचे ओझे. त्यात युरिया मातीत विरघळताना सुटणारा 33 किलो कार्बन डायऑक्साइड मिळवा. एका बॅगेमागे, फक्त वावरातले, 120 किलो. कारखान्यातले वेगळे. नांगरणी, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी यांचे डिझेल एकरी पंधरा-वीस लिटर धरले तर 40 ते 55 किलो.

म्हणजे दारव्ह्याकडच्या तुमच्या विहिरीवरून एका एकराला दहा इंच पाणी देण्यापेक्षा युरियाची एक बॅग दुपटीहून जड आहे. हे मी शेतकऱ्यांच्या बैठकीत मांडतो तेव्हा बसलेली माणसे एकदम गप्प होतात, कारण सगळ्यांचे लक्ष सौर पॅनेलवर असते आणि बॅग कोणी मोजलेलीच नसते. सोयाबीनला तर बाहेरून नत्राची गरज फारच थोडी. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र बांधतात. तरी पाऊस उघडला, पाने पिवळी पडली की अर्धी बॅग फेकली जाते. पाने पिवळी पडतात ती पुष्कळदा भारी जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरल्याने किंवा लोहाच्या कमतरतेने. आणि साचलेल्या ओल्या काळ्या जमिनीतच नायट्रस ऑक्साइड सर्वात जास्त तयार होतो. पैसे टाकून हवा तापवणे यापेक्षा वेगळे काय? रुंद सरी-वरंब्यावर पेरणी केली, सरीतून जादा पाणी निघून गेले, बियाण्याला रायझोबियम (नत्र बांधणारे जिवाणू) लावले, तर ती अर्धी बॅग वाचते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि 2018 पासून पोकरा या राज्य सरकारच्या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पाने रुंद सरी-वरंबा गावोगावी नेला. तो पाण्यासाठी म्हणून नेला, पण त्याचा कार्बनचा फायदा कमी नाही.

आता "शेतीची वाढ" या शब्दाकडे येतो. तुमच्याकडे कोरडवाहू कपाशी एकरी चार-पाच क्विंटल होत असेल. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस थांबतो, बोंडे भरायची असतात, आणि त्याच वेळी एक संरक्षित ओलित मिळाले तर उतारा दोन क्विंटलनेही वाढू शकतो. नांगरणी तीच, बियाणे तेच, खत तेच, निंदण-डवरणी तीच. वाढले ते फक्त अडीच इंच पाणी, तुमच्या विहिरीवरून दहा-बारा किलो कार्बन. एकराचे उत्सर्जन किंचित वाढले, क्विंटलचे चांगलेच घटले. विदर्भासारख्या, पाण्याअभावी मागे राहिलेल्या प्रदेशाला ऊर्जा कमी वापरा असे सांगणे मला मान्य नाही. इथे शेतीत ऊर्जा वाढायलाच हवी. ती कुठून येते आणि तिच्यासोबत आणखी काय वाढते, एवढेच बघायचे. हीच वाढ तीन बॅगांवरून चार बॅगा करून मिळवली तर हिशेब पालटतो.

मामांकडे गोष्ट निराळी. वरुड-मोर्शी पट्टा भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षे ओळखला जातो. तिथे शेतीची वाढ म्हणजे संत्र्याची वाढ, संत्र्याची वाढ म्हणजे बोअरची खोली, आणि खोली म्हणजे वीज. आंबिया बहाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याला, ताण तोडल्यापासून (थांबवलेले पाणी पुन्हा सुरू केल्यापासून) पावसाळ्यापर्यंत पाणी चालूच राहते. इथे कोळशाची वीज जाऊन सूर्याची आली तर एकरी शेकडो किलोंची बचत खरोखर होते. पण पाणी उपसायला पैसे लागेनासे झाले की हात सैल होतो. मोफत विजेनेही हेच होते; राज्यात 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ आहे. ऑटो स्विच लावून ठेवलेली मोटर रात्री लाइट आली की आपोआप सुरू होते आणि सकाळी धुऱ्यावरून पाणी वाहत असते, हे दृश्य कोणी पाहिलेले नाही? सौर पंपाने रात्रीचे जागरण संपेल, पण पातळी खाली जाणे थांबणार नाही. पातळी गेली की दुसरा बोअर, आणखी मोठी मोटर. मामांना सांगा की ठिबक आधी, पुनर्भरण आधी, मग पॅनेल. शंभर मीटरवरून सौर पंप कमी पाणी देतो, म्हणून तिथे फीडर, म्हणजे पंपांना वीज पुरवणारी वाहिनीच, सौर झालेला मला जास्त बरा वाटतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची, तिचा दुसरा टप्पा 2023 चा. त्यात उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो, मोटर जुनीच राहते, आणि दिवसा लाइट मिळते.

दिवसाची लाइट ही कार्बनपेक्षा मोठी गोष्ट आहे, हे इथे थांबून सांगतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोलीच्या बाजूला रात्री ओलित करायला जाणे म्हणजे वाघाच्या वाटेवर जाणे. बाकी ठिकाणी साप, रानडुकरे, अंधारात उघडी वायर. कोणत्याही शोधनिबंधात हे घटक म्हणून येत नाही. पण शेतकरी सौर पंप मागतो तो यासाठी, आणि मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

फीडर सौर करण्याबाबत एक आक्षेप मात्र नोंदवतो. प्रकल्पाला जमीन लागते आणि पहिली नजर गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर, जाते. तिथे गावातल्या भूमिहीनांच्या शेळ्या आणि गुरे चरतात. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ असा दर योजनेत आहे. पडीक, हलक्या जमिनीच्या मालकाला तो परवडतो. ई-क्लास जमीन द्यायची असेल तर ग्रामसभेत चराईवाल्यांना समोर बसवून ठरवा. त्यांच्या गुरांना चारा कुठून मिळणार हे ठरवल्याशिवाय ठराव करू नका.

मावशीचे धान. तुमच्या तिन्ही वावरांत सर्वात मोठा आकडा इथे आहे. बांधीत सतत पाणी साठून राहिले की चिखलात हवा पोचत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात. भारतात मोजलेल्या आकड्यांप्रमाणे सतत भरलेल्या बांधीतून हंगामात हेक्टरी दीडशे किलोच्या वर मिथेन निघतो, म्हणजे एकरी साठ-पासष्ट किलो. मिथेनची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या 27 पट धरली तर एकरी पावणेदोन टनांचे ओझे. तुमच्या विहिरीचे पन्नास किलो याच्या शेजारी ठेवून बघा. मावशीच्या शेतावर कितीही पॅनेल लावले तरी या पावणेदोन टनांतले काहीही कमी होत नाही.

कमी होते ते बांधी मधूनमधून सुकवल्याने. हंगामात एकदा जरी पाणी काढून जमिनीला हलकी भेग पडू दिली, तर मिथेन निम्म्याहून खाली येतो; दोन-तीनदा केले तर आणखी खाली. रोवणीनंतर पंधरा-वीस दिवस पाणी ठेवावे, तण दाबले जाते, मग अधूनमधून सुकवावे; फुलोऱ्यात मात्र ओल तुटू देऊ नये. अडचण अशी की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या भागात, पाणी बांधीतून बांधीत उतरते, एकट्या मावशीला पाणी बंद करता येत नाही. वरच्या आणि खालच्या बांधीवाल्यांना बरोबर घ्यावे लागते. आवत्या पद्धतीने (रोवणी न करता थेट) पेरलेल्या धानात चिखलणी नाही, पाणी कमी काळ साठते, त्यामुळे मिथेन कमी. पण तण जास्त आणि उतारा अनिश्चित, म्हणून सगळ्यांनी तिकडे वळा असे मी म्हणणार नाही.

मावशीच्या भागाची एक थोर गोष्ट मात्र मोजायची राहून जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हजारो तलाव आहेत, आज ज्यांना आपण मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) म्हणतो, आणि शेताशेतांतल्या बोड्या, म्हणजे छोटी तळी. कोहळी समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. या तलावांचे पाणी उताराने येते, एक युनिट वीज लागत नाही, आणि विहिरींची पातळीही तेच धरून ठेवतात. गाळ साचून, पाटचाऱ्या बुजून यांतले कितीतरी तलाव आज अर्धी क्षमताही देत नाहीत. गाळ काढायला एकदाच डिझेल लागेल, तोच गाळ हलक्या वावरात पडेल, आणि पुढची कितीतरी वर्षे पाणी विनावीज मिळेल. 1988 मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाली, तिचे कालवे अजून पुरे होत आहेत. तलाव मात्र गावाच्या हाताशी आहेत. अपारंपरिक ऊर्जेच्या यादीत उताराचे पाणी कोणी लिहीत नाही. मी लिहीन, आणि पहिल्या क्रमांकावर लिहीन.

काडीकचऱ्याबद्दल थोडे. तुमच्या कपाशीतून हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते. उन्हाळ्यात ती वावरातच पेटवली जाते. ती जाळण्यात निघणारा कार्बन डायऑक्साइड पिकाने हवेतूनच घेतलेला असतो म्हणून हिशेबात धरत नाहीत, पण मिथेन, काजळी आणि मातीत जायचे होते ते सेंद्रिय द्रव्य, हे नुकसान खरेच आहे. श्रेडरने बारीक करून वावरात मिसळली तर मातीत जाते. गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अवस्था उरू नयेत म्हणून कपाशी वेळेत उपटून बारीक करणे गरजेचेही आहे. दुसरा मार्ग कोळशाच्या जागी वापरण्याचा. कापूस तंत्रज्ञानावर संशोधन करणाऱ्या सिरकॉट संस्थेच्या नागपूर केंद्राने पऱ्हाटीच्या वापरावर बरेच काम केले आहे, आणि केंद्र सरकारने 2021 मध्ये औष्णिक केंद्रांना कोळशात काही टक्के काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळणे बंधनकारक केले. चंद्रपूर, कोराडी, पारस जवळ असताना पऱ्हाटी पेटवून देणे मनाला पटत नाही. अडते ते गोळा करण्याच्या आणि वाहतुकीच्या खर्चावर. गावात दहा-पंधरा जणांचा गट आणि एक सामाईक श्रेडर नसेल तर ते कोणाला एकट्याला परवडत नाही.

आता तुमचा पंप. सात एकराला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत साडेसात एचपीपर्यंत मिळू शकतो. सर्वसाधारण गटाला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. माझा सल्ला: पाच एचपीच घ्या. पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागता येतो. दहा-बारा मीटरच्या विहिरीला साडेसात एचपी लावला तर विहीर दोन तासांत उपसून रिकामी होईल आणि पॅनेल दिवसभर उन्हात नुसते बसतील.

पॅनेल नुसते बसणे ही या योजनेतली माझ्या मते सर्वात मोठी नासाडी आहे. पाच एचपीला पाच किलोवॅटच्या जवळपास पॅनेल असतात. विदर्भातल्या उन्हात एक किलोवॅट वर्षाला सुमारे 1400 युनिट देतो, म्हणजे सगळे मिळून साडेसहा-सात हजार युनिट. तुमचे ओलित सप्टेंबर-ऑक्टोबरचे एक-दोन आणि रब्बीतल्या हरभऱ्याचे. मार्चमध्ये विहीर तळाला जाते. मोटर पाचशे तास चालली तरी जेमतेम सव्वादोन हजार युनिट वापरले जातात. उरलेली दोन तृतीयांश वीज तयारच होत नाही, कारण ती घ्यायला कोणी नाही. पॅनेल तयार करतानाही कार्बन खर्च झालेला असतो. वापर एक तृतीयांश, तर तो फिटायला तिप्पट काळ.

म्हणून पैसे भरण्याआधी पुरवठादाराला एकच गोष्ट विचारा: मोटरशिवाय दुसरे यंत्रही चालवू शकेल असा कंट्रोलर मिळतो का? केंद्र सरकारच्या कुसुम या सौर पंपांच्या योजनेत अशा कंट्रोलरची तरतूद आहे. त्यावर कडबाकुट्टी चालते, छोटी चक्की चालते, डाळ मिल चालते. तुमची तूर तुम्ही क्विंटलने विकता. तीच डाळ करून विकली तर मार्च ते मे, ज्या महिन्यांत ऊन सर्वात कडक आणि विहीर कोरडी, पॅनेल कामाला लागतात. जादा कंट्रोलरचे पैसे वेगळे लागतील. शेजारच्या दोन-तीन वावरांची तूर एकत्र करता येत असेल तरच ते काढा, एकट्या सात एकरांच्या तुरीवर मिल पुरेशी चालणार नाही. आणि पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा योजनेत आहे, त्याचा कागद हातात घेतल्याशिवाय सही करू नका. वादळाने पॅनेल उडाले की सगळे त्या कागदावर अडते.